वाटीतले एकास एक आणि काट्यावरचे एकास एक

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात

रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावातून हे पत्र आले आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनी, त्यांच्या सासूबाई आणि धाकटी जाऊ अशा तिघी मिळून गणपतीच्या दिवसांत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात. आजवर सगळे माप सासूबाईंच्या एका जुन्या पितळी वाटीने होत आले आहे. एक वाटी तांदळाच्या पिठाला एक वाटी पाणी आणि दोन वाट्या नारळाच्या चवाला एक वाटी गूळ, हे त्या घरचे ठरलेले प्रमाण. गेल्या वर्षी एकदम दीडशे मोदकांची ऑर्डर आली, तेव्हा वाट्या मोजत बसण्यापेक्षा या भगिनींनी नवा डिजिटल वजनकाटा काढला आणि प्रमाण तेच ठेवून दोन किलो पिठाला दोन लिटर पाणी, तर दोन किलो चवाला एक किलो गूळ घेतला. उकड कोरडी झाली, कळ्या पाडताना पाऱ्या चिरल्या आणि सारण गोडीला कमी पडले. नंतर त्यांनी मोबाईलवर ‘एक कप म्हणजे किती ग्रॅम’ असे तक्ते शोधले, तर तांदळाच्या पिठासाठी प्रत्येक तक्त्यात निराळा आकडा निघाला. सासूबाई म्हणतात, “काट्यावर नैवेद्य होत नसतो.” मेलबर्नला राहणारी मुलगी मात्र आजीची पाककृतींची सगळी वही ग्रॅममध्ये करून मागते आहे. ‘खरा आकडा कोणता, आणि काटा सोडू की वाटी सोडू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र वाचताना कोरड्या उकडीपेक्षाही त्यातील एक वाक्य माझ्या मनाला अधिक लागले. तुम्ही लिहिले आहे, “प्रमाण तर मी काडीचेही बदलले नव्हते, मग चूक माझ्या हाताची की गिरणीवाल्याच्या पिठाची?” चूक तुमच्या हाताची नव्हती आणि, तुम्ही कळवलेल्या आकड्यांवरून पाहता, पिठाचीही नव्हती. प्रमाण बदलले नाही असे तुम्हाला वाटले, पण ते बदलले होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे. वाटीतले ‘एकास एक’ काट्यावर चढवले की ते एकास एक राहत नाही. हा एक मुद्दा नीट उलगडला, तर तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरे बहुतांशी त्यातूनच मिळतील.

वाटी जागा मोजते आणि काटा भार मोजतो. पाण्याच्या बाबतीत या दोहोंचा मेळ सोयीचा बसतो, कारण एक मिलिलिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक ग्रॅम भरते आणि म्हणून एक लिटर पाणी म्हणजे एक किलो असे आपण बिनदिक्कत म्हणतो. पीठ तसे नसते. पिठाच्या कणाकणांमध्ये हवा असते आणि वाटीची बरीचशी जागा ती हवाच अडवून बसलेली असते. तुमचे पत्र आल्यावर मी माझ्या स्वयंपाकघरातली नेहमीची स्टीलची वाटी काट्यावर ठेवून पाहिली. ती काठोकाठ भरल्यावर पाणी १६० ग्रॅम भरले. त्याच वाटीत धुऊन, सावलीत वाळवून दळलेले आणि नुकतेच चाळलेले तांदळाचे पीठ चमच्याने अलगद भरून सपाट केले, तेव्हा ते ९२ ग्रॅम भरले. नेहमीसारखे डब्यातून वाटीनेच उपसून घेतल्यावर १०० ग्रॅम झाले, आणि वाटी ओट्यावर दोनचार वेळा आपटून, पुन्हा भरून सपाट केल्यावर ११८ ग्रॅम झाले. वाटी तीच, पीठ तेच आणि हातही माझाच असून केवळ भरण्याच्या पद्धतीने २६ ग्रॅमचा फरक पडला.

आता तुमचा हिशोब या वाटीने मांडून पाहू. एका वाटीत १०० ग्रॅम पीठ मावते असे धरले, तर दोन किलो पीठ म्हणजे वीस वाट्या. वीस वाट्या पिठाला तुमच्या घरच्या प्रमाणाने वीस वाट्या पाणी हवे, आणि १६० च्या हिशोबाने ते ३ लिटर २०० मिलिलिटर होते. तुम्ही घातले दोन लिटर. म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास पाणी कमी पडले, आणि अशी उकड कितीही तूप-पाण्याचा हात लावून मळली तरी तिची पारी चिरल्याशिवाय राहणार नाही. सारणाची गोष्टही हीच आहे. हलक्या हाताने भरलेला ओल्या नारळाचा चव माझ्या वाटीत ५८ ग्रॅम बसला, तर किसलेला गूळ १०५ ग्रॅम. त्यामुळे वाटीच्या भाषेत जे ‘दोनास एक’, ते वजनाच्या भाषेत जवळजवळ ‘एकास एक’ होते. दोन किलो चवाला गूळ हवा होता सुमारे १ किलो ८०० ग्रॅम आणि तुम्ही घातला एक किलो. तरीही गिऱ्हाइकांनी मोदक परत केले नाहीत असे तुम्ही लिहिता, ही तुमच्या नारळाची आणि तुमच्या हाताची पुण्याई समजा.

हे माझ्या वाटीचे आकडे आहेत. ते तुम्ही जसेच्या तसे उतरवून घेऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि तसे केल्यास मोबाईलवरच्या तक्त्यांनी जी अडचण केली तीच पुन्हा उभी राहील. त्या तक्त्यांतील आकडे खोटे नसतात, पण ते कोणाच्या कपाचे आणि कशा भरलेल्या पिठाचे आहेत हे तिथे क्वचितच सांगितलेले असते. अमेरिकन कप साधारण २३७ मिलिलिटरचा असतो, मेट्रिक कप २५० मिलिलिटरचा, आणि विजेच्या राइस कुकरबरोबर मिळणारे छोटे माप बहुधा १८० मिलिलिटरचे असते. आपली आमटीची वाटी यांपैकी कशाशीच जुळत नाही, आणि एकाच घरातल्या दोन वाट्याही पुष्कळदा एकमेकींशी जुळत नाहीत. त्यातून एकाने पीठ चाळून भरलेले असते आणि दुसऱ्याने दाबून. खरा आकडा कोणता, असे तुम्ही विचारता. तुमच्या सासूबाईंच्या पितळी वाटीत, त्यांच्या हाताने भरलेल्या, तुमच्या गिरणीतून आलेल्या पिठाचे जे वजन भरेल, तोच तुमच्या घरापुरता खरा आकडा, आणि तो तुमच्या स्वयंपाकघराबाहेर कोठेही लिहिलेला नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीतक आहे, आणि त्याविषयी थोडे थांबून बोलायला हवे. काटा म्हणजे शास्त्र आणि वाटी म्हणजे अंदाज, काटा नव्या पिढीचा आणि वाटी जुन्या पिढीची, अशी वाटणी तुम्हीही केली आहे आणि सासूबाईंनीही, फक्त उलट बाजूंनी. मला ती पटत नाही. आपल्याकडे दोन्ही प्रकारची मापे पिढ्यानपिढ्या शेजारी शेजारी नांदत आली आहेत. चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्याची भरून घ्यायची मापे होती. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हे कोष्टक तुमच्या सासूबाईंना अजूनही पाठ असेल. दुसरीकडे छटाक, पावशेर, मण ही तोलायची मापे होती आणि त्यातला ८० तोळ्यांचा पक्का शेर आजच्या हिशोबाने सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. शेर हा एकच शब्द भरण्यालाही होता आणि तोलण्यालाही, त्यामुळे बोलताना ‘मापी की वजनी’ हे स्पष्ट करून घ्यावे लागे. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि हळूहळू पायली-शेर व्यवहारातून गेले, तेव्हा हा प्रश्न विचारण्याची सवयही आपल्या तोंडातून गेली. गेल्या वर्षी दोन किलो पिठाचे पातेले पुढ्यात असताना ‘हे एकास एक मापी की वजनी?’ असे कोणी विचारले असते, तर तुमचा अख्खा दिवस वाचला असता.

शिवाय घरातला मालवणी मसाला आठवून पाहा. सुक्या मिरच्या कोणी वाटीने मोजत नाही, कारण अख्ख्या मिरचीने वाटी भरत नाही, ती नुसती अडते. म्हणून मिरची किलोत, धणे पावशेर-अर्ध्या किलोत आणि लवंग, दालचिनी, दगडफूल तोळ्यात किंवा ग्रॅममध्ये, असेच मसाल्याचे प्रमाण सासवांनी सुनांना सांगितले. जिथे वजन सोयीचे तिथे वजन आणि जिथे वाटी सोयीची तिथे वाटी, असा तो शहाणपणा होता. तेव्हा काट्यावर नैवेद्य होत नाही असे सासूबाई म्हणतात, त्याच सासूबाई मे महिन्यात मसाल्यासाठी काट्यावर विश्वास टाकतात, हे त्यांना वादासाठी नव्हे, पण मायेने आठवून देण्यासारखे आहे.

वाटीच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पाककृतीतील सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले, तर वाटी लहान आहे की मोठी याने काही बिघडत नाही, कारण सांभाळायचे असते ते जिन्नसांचे एकमेकांशी असलेले नाते. घरातल्या एकवीस मोदकांसाठी काटा काढण्याची मुळीच गरज नाही. वाटी दगा देते ती दोन प्रसंगी. पहिला प्रसंग असा की मोजणारे हात बदलतात. सासूबाई शिगोशीग भरतात, तुम्ही सपाट भरता आणि धाकटी जाऊ घाईत असली की वाटी आपटून भरते. एकदोन वाट्यांत हा फरक जाणवत नाही, वीस वाट्यांत तो अर्ध्या किलोच्या घरात जाऊ शकतो. दुसरा प्रसंग असा की वाट्या मोजता मोजता दारात कोणी येते आणि अकरावी घातली की बारावी, याचा विसर पडतो. दीडशे मोदकांच्या ऑर्डरीला हे दोन्ही धोके असतात, म्हणून तिथे काटा घेण्याचा तुमचा निर्णय योग्यच होता. राहिले होते ते मधले एक काम, म्हणजे वाटीचे वजनात भाषांतर.

ते काम करायला एक निवांत दुपार पुरेल. सासूबाईंना ओट्याशी खुर्ची द्या, त्यांची पितळी वाटी घासून कोरडी करा, ती रिकामीच काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि आधी काठोकाठ पाणी भरून वजन घ्या. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर, म्हणजे वाटीचे माप कळले. मग वाटी पुसून सासूबाईंच्या हाती द्या आणि त्या नेहमी भरतात तशीच पिठाची वाटी भरायला सांगा. ‘सपाट करा’, ‘दाबू नका’ असे काही सांगू नका, कारण आपल्याला पुस्तकातली वाटी नको आहे, त्यांची हवी आहे. शीग असली तर शिगेसकट तोला. एका वाटीवर भरवसा ठेवू नका. पाच वाट्या भरून घ्या, त्यांची बेरीज करून पाचाने भागा. पाण्याची वाटी त्या गळ्यापर्यंत भरतात की काठापर्यंत, तेही पाहा, कारण पाणी ओट्यापासून चुलीपर्यंत न्यायचे असते म्हणून पुष्कळ जणी ती किंचित उणी भरतात आणि उकडीला तेवढाही फरक जाणवतो. हीच रीत चवासाठी, गुळासाठी आणि वहीत वारंवार येणाऱ्या रवा, साखर, कुळथाचे पीठ अशा दहाबारा जिन्नसांसाठी करा. तूप मात्र पातळ करून मगच मोजा, कारण थिजलेले तूप वाटीत पोकळ्या सोडते. माझ्या अनुभवाने सांगते, वाटीतून नेमकी किती शीग येते हे काट्यावर दिसू लागले की आधी नाराज असलेली माणसेही त्यात रमतात. सासूबाईंचे माप मोडायला तुम्ही काटा आणलेला नाही. त्यांचे माप त्यांच्या माघारीही जसेच्या तसे राहावे म्हणून आणला आहे, हे त्यांना शब्दांत सांगण्यापेक्षा त्या दुपारी अधिक सहज कळेल.

गुळाबद्दल आणि मिठाबद्दल थोडे सावध राहा. गूळ मऊ असला तर किसताना दबतो आणि वाटीत जास्त मावतो, कडक असला तर भुगा होऊन कमी मावतो. म्हणून गूळ हा जिन्नस वजनानेच घेणे मला अधिक बरे वाटते, अगदी घरच्या मापातसुद्धा. मिठाचे दुखणे वेगळे आहे. वहीतले जुने लोणचे खडे मिठाचे असणार. १९३० च्या सत्याग्रहामुळे ज्याचे नाव देशभर झाले त्या शिरोड्यासारख्या मिठागरांतून येणारे जाडे मीठ आपल्या किनारपट्टीवर घरोघरी असे. खड्यांमध्ये फट राहते, बारीक मिठात ती राहत नाही, त्यामुळे एक वाटी खडे मिठाच्या जागी एक वाटी बारीक मीठ घातले तर लोणचे खारट होते. माझ्या वाटीत खडे मीठ १६५ ग्रॅम आणि बारीक १९० ग्रॅम भरले. लोणच्यात मीठ कमी पडले तर ते टिकत नाही आणि जास्त झाले तर खाववत नाही, म्हणून मुलीला लोणच्याचे मीठ पाठवताना केवळ ग्रॅमच पाठवा.

याउलट वेलची, जायफळ, हळद, हिंग, खाण्याचा सोडा आणि उकडीतले चिमूटभर मीठ यांना काट्यावर चढवू नका. घरगुती काटा बहुधा एकेक ग्रॅमने पुढे सरकतो, आणि दोन-तीन ग्रॅमच्या जिनसात एका ग्रॅमची चूक म्हणजे तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतची चूक होते. तिथे चमचाच खरा. चमचा मात्र ठरलेला असावा: लहान ५ मिलिलिटरचा आणि मोठा १५ मिलिलिटरचा. तुमची मुलगी ऑस्ट्रेलियात आहे म्हणून मुद्दाम सांगते, तिथल्या मापाच्या संचातला मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो. आजीच्या वहीतले ‘तीन मोठे चमचे तेल’ तिथे जाऊन आपोआप चार होतील, तेव्हा तिच्या प्रतीत चमच्यांऐवजी मिलिलिटर लिहा.

वजन मिळाले म्हणजे सगळे हाती आले, असेही समजू नका. भाद्रपदात आपल्याकडची हवा दमट असते आणि नीट झाकून न ठेवलेले पीठ ओल धरते. धुऊन वाळवलेले तांदूळ जरासे ओलसर असतानाच दळले, तर त्या पिठाच्या एका किलोत काही पाणी आधीच असते. तांदूळ जुना असला तर पाणी जास्त पितो, नवा असला तर कमी. काटा यातले काहीच ओळखत नाही, ते बोटांनाच कळते. म्हणून हिशोबाने जेवढे पाणी येईल, त्यातला दहावा भाग उकळता वेगळा ठेवा आणि उकड मळताना लागेल तसा घाला. मोठ्या खेपेला हे अधिकच जपावे लागते. एक वाटी पाणी छोट्या पातेल्यात उकळी येईपर्यंत जेवढे आटते, त्या मानाने तीन लिटर पाणी मोठ्या टोपात कमी आटते, त्यामुळे घरच्या प्रमाणाची नुसती वीसपट केली तर क्वचित उकड सैलही होऊ शकते. आणि दोन किलोची उकड एकदम काढू नका. तिघींच्या सहा हातांनीही ती गरम असताना मळून होणार नाही, आणि गार झालेली उकड प्रमाण बिनचूक असले तरी चिरते. अर्ध्या अर्ध्या किलोच्या चार उकडी काढा. पहिलीच्या पाऱ्या होत असताना दुसरी वाफेवर असू द्या.

मुलीची मागणी रास्त आहे, पण वही पूर्ण ग्रॅममध्ये करण्याचे मन मात्र तुम्ही करू नये असे मला वाटते. तिच्याकडचे तांदळाचे पीठ बहुधा पाकिटातले, अगदी कोरडे आणि वस्त्रगाळ असेल. चव कदाचित गोठवलेल्या नारळाचा असेल. तुमचे ग्रॅम तिथे अक्षरशः लागू पडतीलच असे नाही. तिला प्रत्येक जिनसापुढे वजन लिहा, त्याच ओळीत आजीची वाटी किती मिलिलिटरची ते लिहा, आणि उकडीपुढे प्रमाणाबरोबर खूणही लिहा, म्हणजे ‘मळलेली गोळी दोन तळव्यांत दाबली असता कड चिरू नये’, किंवा सारणापुढे ‘उलथन्याने ओढल्यावर कढईचा तळ दिसावा आणि सारण बाजूने मिळून येऊ नये’. या खुणा सासूबाई बोलता बोलता सांगून जातात. त्या दुपारी जावेला कागद-पेन घेऊन शेजारी बसवा, कारण काट्याकडे पाहता पाहता त्यांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष होईल.

काटा नीट आहे ना, तेही एकदा तपासून घ्या. ओळखीच्या किराणा दुकानदाराकडून मुद्रांकित असे अर्ध्या किलोचे वजन घटकाभर मागून आणा आणि तुमच्या काट्यावर ठेवा. पाचदहा ग्रॅमचा फरक दिसला तर सेल बदलून पुन्हा पाहा, कारण सेल उतरला की काही काटे चुकीचे दाखवू लागतात. काटा ओट्याच्या सपाट जागी असावा, खाली फडके नसावे आणि वर पंखा नसावा.

यंदाच्या ऑर्डरी सुरू होण्याआधी आठवडाभर अर्ध्या किलो पिठाची एकच उकड नव्या हिशोबाने काढून पाहा. पीठ काट्याने घ्या, पाणी तुमच्या पितळी वाटीवरून निघालेल्या हिशोबाने घ्या, आणि किती पाणी प्रत्यक्ष लागले ते त्याच दिवशी वहीत पेन्सिलीने लिहा. चाळणीत हळदीची पाने घालून पहिली खेप वाफवली की त्यातला एक मोदक सासूबाईंच्या हातावर ठेवा आणि पारी कशी झाली ते त्यांनाच विचारा. त्या जे सांगतील त्याप्रमाणे पाणी पाव-अर्धी वाटी इकडे तिकडे करून मगच तो आकडा पेनने पक्का करा.